कान्हा जोमा तांडेल हजर आहेत का?

सारसोळ्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. निदान त्या काळी तरी घेत नव्हती. 'अवो', 'ऐकलंव का', 'घरात हायेत का', एवढ्यावर आख्खा जन्म निघतो. संसार होतात, भांडणं होतात, पोरंबाळं होतात, कोणाचं काही अडत नाही. प्रियाचं अडलं. कसं अडलं ते ऐका, आणि हसायचं असेल तर शेवटी हसा.

प्रिया उरणकडची. बारावी पास, टायपिंगची परीक्षा दिलेली. लग्न करून सारसोळ्यात आली तेव्हा उंबऱ्यावर बायांनी अडवून धरलं, नाव घे म्हणून. तिनं मान खाली घालून एका दमात म्हटलं,

"भरतीच्या पान्यावर होडी चाले जोरात,
धनेशरावांचं नाव घेते तांडेलांच्या दारात."

बाया खिदळल्या, प्रिया आत आली, आणि त्यानंतर ते नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही. गरजच काय पडली? घरात नाव घेणारे दोघं होतेच. सासू मालतीबाई आणि थोरला दीर कान्हा. दिवसभर त्यांचं चालायचं, "धनेश, पाना दे", "धनेश, जेवून घे".

कान्हा घरातला शिकलेला, आयटीआयचा फिटर. धनेशनं सातवीनंतर शाळा सोडलेली. दोघांची जेट्टीजवळ पत्र्याची शेड होती, तिथं ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. कान्हा बोलायचा, गिऱ्हाईक सांभाळायचा, शीळ घालत हिंडायचा. धनेश मुकाट काम करायचा. दोघं दिसायला एका साच्यातले, फक्त कान्हाला मिशी होती आणि तो डावरा होता.

मग एका दुपारी कान्हा दुरुस्त केलेलं इंजिन चालवून बघायला एकटाच होडी घेऊन खाडीत गेला. होडी परत मिळाली. कान्हा मिळाला नाही. गावातल्या सगळ्या होड्या शोधायला गेल्या, पोलीस आले, पार उरणच्या मोरा बंदरापर्यंत विचारपूस झाली. खाडीनं त्याला ठेवून घेतला तो घेतलाच.

मालतीबाईंनी दहावं घालू दिलं नाही. "माझा पोर चालायच्या आदी पोवायला शिकला. खाडी त्याला मारील व्हय? येल तो." मृत्यूची नोंद करायला निघालेल्या धनेशच्या हातातून त्यांनी कागद ओढून चुलीत घातला. रोज दिवेलागणीला भिंतीशी कान्हाचं ताट मांडायच्या. भात, कालवण, वर भाजलेला बोंबील, कान्हाला आवडायचा म्हणून. सकाळी ते ताट मांजरांना जायचं. गावानं आधी समजावलं, मग नाद सोडला, मग सगळ्यांना सवयच झाली. सवय फार वाईट बघा. भूतसुद्धा रोज दारात यायला लागलं तर माणूस त्याला पाट मांडील.

अशी दोन वर्षं गेली. आणि खाडीच्या काठानं नव्या रस्त्याचा भराव पडायला लागला. डंपरमागून डंपर. तांडेलांची शेड बरोबर त्या रस्त्यात. उठा म्हणून नोटीस आली. उठून जायचं कुठं? धनेश रात्रंदिवस गप्प. दुसऱ्याच्या कारखान्यात हेल्परकी करायची आणि शेड विसरायची, एवढंच त्याला दिसत होतं. आणि शेड गेली असती तर तो आतून संपला असता, हे प्रियाला पक्कं ठाऊक होतं.

ती तेव्हा नेरूळला एका टायपिंगच्या दुकानात बसायची. एक दिवस एका माणसाचा सरकारी योजनेचा अर्ज तिच्याकडे टाइप करायला आला. ज्यांच्या जमिनी शहरासाठी गेल्या, त्या घरांतल्या शिकलेल्या बेकार पोरांना स्वतःचा धंदा काढायला सरकार अनुदान देणार, बँक वरचं कर्ज देणार, महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत गाळा मिळायला प्राधान्य. प्रियाची बोटं टाइपरायटरवर थांबली. तिनं मशीनमध्ये एक कार्बन जास्तीचा घातला.

पुढचा महिना तिनं चपला झिजवल्या. बेलापूरला गेली, बँकेत गेली, बसनं ठाण्याच्या ऑफिसात गेली. सगळीकडं माणसं बरी बोलली, पण उत्तर एकच. प्रकल्पग्रस्ताचा दाखला घरात एकालाच मिळतो, आणि तांडेलांचा दाखला कान्हाच्या नावावर. शिक्षण आयटीआय तरी पाहिजे, आणि तेही कान्हाचंच. धनेशच्या नावावर काय होतं? हात होते दोन. पण सरकारी अर्जाला हात जोडता येत नाहीत.

एका संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "भावजींच्या नावानं भरूया."

धनेशला आधी कळलंच नाही. मग त्यानं तिच्याकडं बघितलं. "प्रिया, दादा मेलाय."

दोन वर्षांत हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

"मेलायत, पन कागदावर नाय मेलेले," प्रिया घाईघाईनं म्हणाली. "तुमी मिशी ठेवा. फोटो तुमचा लावू. गाळा मिळाला, मशीन बसलं की कोन बघतंय? काम तर तुमीच करनार ना? चोरी थोडीच हाय!"

मालतीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "भर गो, भर त्याच्या नावानं. आला की आयता धंदा मिळल माझ्या कान्हाला."

दोघींच्या मधे धनेश कितीसा टिकणार! त्यानं मिशी ठेवली.

ठाण्याच्या त्या ऑफिसात पद्धत अशी, की सगळ्यांनी व्हरांड्यातल्या लांब बाकांवर बसायचं आणि शिपाई दारात उभा राहून पुकारा करणार. तीनदा नाव घेणार. हजर असाल तर उठा, नसाल तर गैरहजरची खूण आणि पुढचं नाव. पहिल्या खेपेला शिपाई ओरडला, "कान्हा जोमा तांडेल हजर आहेत का?" आणि धनेश ढिम्म बसून राहिला. स्वतःचं नाव नाही, उठणार कसा? तिसऱ्या पुकाऱ्याला प्रियानं कोपर मारलं तेव्हा दचकून उठला. शिपाई म्हणाला, "बहिरे आहात का हो? पुढच्या वेळी साहेबांसमोर असं केलंत तर फाईल बाजूला पडेल."

झालं! प्रियानं मनावर घेतलं. घरी रोज सराव सुरू. भाकऱ्या थापता थापता ती मधेच ओरडायची, "कान्हा जोमा तांडेल हजर आहेत का?" आणि बाहेरच्या ओट्यावरून धनेश म्हणायचा, "हजर, साहेब." पहिल्यांदा दोघंही पोट धरून हसले. हीच ती चूक. जिनं नवऱ्याचं नाव जन्मात एकदाच घेतलं, ती मेलेल्या दिराचं नाव उठता बसता घ्यायला लागली, आणि नवरा त्याला ओ देत गेला.

गावही सामील झालं. साहेब लोक पाहणीला येणार, शेजारीपाजारी चौकशी करणार, तेव्हा कोणाच्या तोंडून भलतं निघायला नको. म्हणून गावानंच ठरवलं, आजपासून सगळ्यांनी त्याला कान्हाच म्हणायचं. प्रेमानंच केलं बिचाऱ्यांनी. शेजारची शकुबाई मासळीची पाटी उचलून जाता जाता हाक मारायची, "ए कान्हा शेट, माझ्या जावयाला ठेव रे कारखान्यात!" पोरं म्हणायची, "कान्हादादा, होडीला शाफ्ट बसवून दे." आणि मालतीबाईंना तर कारणच मिळालं. भिंतीशी मांडायचं ताट एके दिवशी त्यांनी उचललं आणि धनेशच्या पुढ्यात ठेवलं. "जेव, कान्हा."

त्यानं बोंबील मोडून तोंडात घातला. डाव्या हातानं.

प्रियानं ते बघितलं आणि तिच्या हातातला डाव तसाच राहिला. तिच्या नवऱ्याला भाजलेल्या बोंबलाचा वाससुद्धा चालत नसे. "अवो," ती हळूच म्हणाली, "उजव्या हातानं जेवा ना."

"व्हय की," म्हणाला, आणि हात बदलला. दोन घास झाले, परत डावा.

मग एकेक सुरू झालं. घरात शिरताना तो शीळ घालायला लागला. कान्हाचीच शीळ, शेवटी वर चढणारी. ओहोटीच्या वेळी काम टाकून जेट्टीवर जाऊन उभा राहायचा आणि परत यायचा तेव्हा कपडे कोरडे, पाय कोरडे, पण अंगाला खाडीच्या तळच्या काळ्या चिखलाचा वास. प्रिया पाणी तापवून द्यायची, साबण द्यायची. वास जात नव्हता. तिनं स्वतःची समजूत घातली, टेन्शन आलंय त्यांना, गाळा मिळाला की सगळं ठीक होईल. माणसाला हवं ते मिळणार असलं की तो डोळ्यांवर किती सहज पट्टी बांधतो!

पाहणीला चारुलता मॅडम आल्या. साध्या, घामेजलेल्या, खांद्याला पिशवी. त्यांनी शेड बघितली, इंजिन उघडून बघितलं, धनेशला चार प्रश्न विचारले. त्यानं झकास उत्तरं दिली. एरवी ज्याच्या तोंडातून शब्द ओढून काढावा लागे, तो कान्हासारखा हातवारे करून बोलत होता. मॅडम खूश झाल्या. घरी चहाला बसल्या. प्रिया कप घेऊन आली.

"घरात कोण कोण असतं?" मॅडमनी सहज विचारलं.

हा प्रश्न येणार म्हणून प्रियानं त्याच्याकडून उत्तर घोकवून घेतलं होतं. मी, आई, माझी बायको. एवढंच सांगायचं.

"मी, माझी आय," तो म्हणाला. मग थोडा थांबला. "धाकटा भाव होता. धनेश. खाडीत गेला दोन वर्सांपूर्वी. बॉडी पन नाय मिळाली."

प्रियानं हातातले कप तसेच खाली ठेवले.

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी प्रियाकडं मान वळवली. "आणि या?"

"धनेशची बायको," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी, नाटकातलं नाही. "अजून मंगळसूत्र घालते. आमी बोलत नाय तिला काय."

मॅडमनी प्रियाचा हात हातात घेतला आणि दोन शब्द धीराचे बोलल्या. प्रिया तशीच बसली. आपला नवरा समोर बसून चहा पितोय आणि एक परकी बाई आपल्याला तो गेल्याचं सांत्वन करतेय, यावर काय बोलायचं असतं?

मॅडम गेल्यावर ती त्याच्यावर धावून गेली. "असं का बोललात? कोनी सांगितलं होतं असं बोलायला?"

तो तिच्याकडं बघायला तयार नव्हता. थोरला दीर जसा भावजयीसमोर नजर खाली ठेवतो, तशी त्यानं नजर खाली ठेवली. त्या दिवसापासून तो ओट्यावर झोपायला लागला. प्रियानं आत बोलावलं तर म्हणाला, "धनेशच्या खोलीत मी कसा येऊ, वहिनी?"

वहिनी! धाकटी असूनही कान्हा तिला मानानं हीच हाक मारायचा. प्रिया चुलीपाशी बसून ढसाढसा रडली. मग उठली आणि सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, हे बघताय ना तुमी? यांना यांच्या नावानं हाक मारा. पाया पडते तुमच्या. तुमाला तुमचा एक पोरगा परत मिळाला, पन दुसऱ्याचं काय?"

मालतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "दुसरा कंचा?" त्या म्हणाल्या.

त्या घरात, त्या गावात, धनेश म्हणणारं तोंडच उरलं नव्हतं. तिनं स्वतः प्रयत्न केला. ओट्यावर गेली, तो पाठमोरा बसला होता. तोंड उघडलं. नाव गळ्यापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. लहानपणापासून कानावर पडलेलं असतं हो, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. आईनं सांगितलेलं, आजीनं सांगितलेलं. आणि याचं आयुष्य आधीच कुठं जास्त उरलं होतं? तिला भीती वाटली. "अवो," तिनं हाक मारली. त्यानं वळून बघितलं नाही. 'अवो' कोणीही असतो.

दुसऱ्या दिवशी ती गावातल्या आप्पांकडं गेली. आप्पा म्हातारे, गावातल्या मयताचे सगळे विधी तेच सांगायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मी दोन वर्सं सांगतोय त्या मालतीला, पोराला मोकळा कर. ज्याची माती मिळत नाय, त्याचा पळसाच्या पानांचा पुतला करायचा. नारळाचं डोकं करायचं. खाडीकडं तोंड करून तीन हाका मारायच्या. हाकेला कोनी ओ द्यायची नाय. तिसऱ्या हाकेला तो पुतल्यात येतो, मग त्याला अग्नी द्यायचा. तवर तो बिचारा जाईल कुठं?"

मालतीबाई यायला तयार नव्हत्या. आप्पांनीच त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण ओहोटी लागली तेव्हा त्या पदर डोक्यावरून घेऊन, ओठ आवळून काठावर येऊन उभ्या राहिल्या. पाणी मागं सरलेलं, चिखल उघडा पडलेला, पलीकडं डंपर भराव टाकत होते. पुतळा पाटावर निजवला होता. धनेशला प्रियानं हाताला धरून आणलं होतं. तो आला, अगदी सहज, लग्नाला आल्यासारखा.

आप्पांनी खाडीकडं तोंड केलं. "कान्हा जोमा तांडेल!"

वारा पडला होता. कोणी बोललं नाही.

"कान्हा जोमा तांडेल!"

प्रियानं धनेशचा हात घट्ट धरला. तिला त्याच्या मनगटातलं काहीतरी हलल्यासारखं वाटलं.

"कान्हा जोमा तांडेल!"

"हजर, साहेब," धनेश म्हणाला.

आप्पा गर्रकन वळले. काठावरच्या बाया मागं सरकल्या. आणि मालतीबाई, ज्या इतका वेळ दगडासारख्या उभ्या होत्या, त्या पुढं आल्या. पोराच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांनी त्याला निरखून बघितलं.

"हा माझा कान्हा न्हवं," त्या म्हणाल्या. "माझ्या कान्हानं जन्मात कोनाला साहेब म्हटला नाय. मी हाक मारली की म्हनायचा, ओ आये." त्यांचा आवाज चिरकला. "मग ह्यो कोन? आनि माझा धाकटा कुठाय गो? धनेश! ए धनेश!"

तो आईकडं बघून हसला. इतकं मायेनं, की बघवेना. "धनेश खाडीत गेला, आये," तो म्हणाला. "किती येळा सांगू तुला?"

मालतीबाई त्या चिखलात मटकन बसल्या आणि छाती पिटायला लागल्या. दोन वर्षांचं साठलेलं रडणं होतं ते. एका पोराला धरून ठेवता ठेवता दुसरा हातचा गेला, हे त्या माउलीला तेव्हा कळलं.

आप्पांनी पुतळ्यावर कापड घातलं. "हितं हाका मारून काय उपयोग नाय," ते प्रियाला म्हणाले. "तो खाडीत न्हायच. तुमी त्याला उठवून दुसरीकडं कुठंतरी बसवलाय. कुठं बसवलाय?"

प्रियाला ठाऊक होतं. ठाण्याचा तो लांब व्हरांडा, तो लांब बाक.

"ज्यानं बसवला त्यानंच उठवायचा," आप्पा म्हणाले.

घरी आली तर पोस्टमन पत्र टाकून गेला होता. कान्हा जोमा तांडेल यांची अनुदानासाठी निवड झाली आहे, गुरुवारी मंजुरीच्या बैठकीला स्वतः हजर राहावं, गैरहजर राहिल्यास निवड रद्द समजावी. तिनं ज्याच्यासाठी चपला झिजवल्या, ते सगळं हातात होतं. गाळा, लेथ मशीन, नवऱ्याच्या नावाची पाटी. पण कोणत्या नावाची? ती कितीतरी वेळ पत्र हातात घेऊन उभी राहिली. आता खोटं कशाला बोला, एकदा तिच्या मनात येऊन गेलं, की एवढा गुरुवार जाऊ द्यावा, मंजुरी घ्यावी, मग बघू. ओट्यावरून शीळ ऐकू आली. शेवटी वर चढणारी.

गुरुवारी ती त्याला घेऊन ठाण्याला गेली. मालतीबाई निघताना फक्त एवढंच म्हणाल्या, "घेऊन ये त्याला." कोणाला, ते विचारायची गरज नव्हती.

व्हरांडा माणसांनी फुलला होता. मंजुरीचा दिवस म्हणजे जत्राच. बाकांवर जागा नाही, माणसं भिंतीला टेकून, पायऱ्यांवर बसून. प्रिया आणि धनेशला एका बाकावर जागा मिळाली, आणि धनेशच्या पलीकडं अजून एका माणसाची जागा रिकामी होती. प्रियाला नवल वाटलं. माणसं त्या जागेपाशी यायची, बसायला वाकायची, आणि काय वाटायचं कोण जाणे, सरळ होऊन पुढं निघून जायची. उन्हाची वेळ, पण त्या बाजूनं गारवा येत होता. आणि चिखलाचा वास. आज तो वास धनेशच्या अंगाला नव्हता, पलीकडून येत होता. प्रियानं तिकडं परत बघितलं नाही.

दार उघडं होतं. आत टेबलापाशी चारुलता मॅडम दिसत होत्या. शिपाई नावं पुकारत होता, माणसं उठत होती, हसत बाहेर येत होती. धनेश ताठ बसला होता, मिशीवरून डावा हात फिरवत.

"कान्हा जोमा तांडेल हजर आहेत का?"

धनेश उठायला लागला. प्रियानं दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला आणि खाली ओढला. "नाय," ती कुजबुजली. "तुमी नाय."

"सोड, वहिनी. माझं नाव घेतायत."

"कान्हा जोमा तांडेल!"

दोनदा झालं. तो तिच्या हातातून सुटत होता. केवढी ताकद! शेजारचे लोक बघायला लागले. प्रियानं तोंड उघडलं. नाव येईना. गळ्यात आलं, जिभेवर येईना. आईचा, आजीचा, सगळ्या मेलेल्या बायांचा हात जसा तोंडावर दाबून धरलेला. आयुष्यात ते नाव एकाच वाटेनं बाहेर आलं होतं, आणि ती वाट तिला शेवटी सापडली. भर सरकारी ऑफिसात, शेकडो माणसांसमोर, ती मोठ्यानं म्हणाली,

"भरतीच्या पान्यावर होडी चाले जोरात..."

कोणीतरी फिसकन हसलं. एक बाई म्हणाली, "अगं बाई, हिचं काय?" शिपाई दारात थबकला.

"...धनेश!" प्रिया ओरडली. 'राव' नाही, 'नाव घेते' नाही, पुढचं काही नाही. "धनेश! ए धनेश! धनेश!"

तो उभा होता तसा थरथरला. आणि वळला. तिच्याकडं बघितलं, सरळ डोळ्यांत, नवरा बघतो तसं.

"काय गं?" तो म्हणाला. "ओरडतेस कशाला?"

"बसा," ती म्हणाली. "बसा हो. बसा."

तो बसला. उजव्या हातानं त्यानं तिचा हात धरला.

"कान्हा जोमा तांडेल! शेवटचा पुकारा. हजर आहेत का?"

व्हरांडा गप्प झाला होता. धनेशचे ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो उठला नाही. मॅडम टेबलापासून उठून दारात आल्या. त्यांनी त्याला ओळखलं, हिलाही ओळखलं. "तांडेल?" त्या म्हणाल्या. "तुमचंच नाव घेतायत ना?"

"नाय, मॅडम," धनेश म्हणाला. आवाज फाटका, हळू, त्याचा स्वतःचा. "कान्हा माझा मोठा भाव. खाडीत गेला दोन वर्सांपूर्वी. मी धनेश. सातवी पास."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. मग प्रियाच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं बघितलं. रागावल्या असत्या तर त्यांचा हक्कच होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शिपायाला म्हणाल्या, "गैरहजर लिहा. पुढचं नाव घ्या."

शिपायानं पुढचं नाव घेतलं. कोणीतरी उठलं. व्हरांड्यात परत गलका सुरू झाला. गाळा गेला, लेथ गेला, प्रियानं झिजवलेल्या चपला गेल्या, आणि ती तशीच नवऱ्याचा हात धरून बसून राहिली. पलीकडून येणारा गारवा थांबला होता. ऊन आता बाकाच्या टोकापर्यंत आलं होतं.

काठी टेकत एक म्हातारा आला. दमलेला. त्या रिकाम्या जागेकडं बोट दाखवून त्यानं विचारलं, "कोन बसलंय का हितं?"

धनेशनं त्या जागेकडं बघितलं. लाकडावरून हात फिरवला. ते ओलं होतं. त्यानं सदऱ्याच्या बाहीनं ते नीट पुसून घेतलं.

"माझा भाव बसला होता," तो म्हणाला. "आता गेला. बसा, आजोबा."